पदव्युत्तर प्रवेश खऱ्या अर्थाने ठरतो तो एस.वाय.च्या उंबरठ्यावर

गेल्या आठवड्यात खटाव तालुक्यातील एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन साताऱ्यात माझ्याकडे आली होती. ती नुकतीच बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात गेली आहे; मेजर, म्हणजे मुख्य विषय, भूगोल आणि मायनर, म्हणजे त्याच्या जोडीचा विषय, इतिहास. पुढे एम.ए. करायचे हे तिचे नक्की आहे, मात्र ते अर्थशास्त्रात. पहिल्या वर्षी तिच्या तीन विषयांत अर्थशास्त्र होते आणि तिन्हींमध्ये सर्वाधिक गुण तिला त्याच विषयात मिळाले होते. मग दुसऱ्या वर्षी तोच विषय का सोडला, असे मी विचारले, तेव्हा तिने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले की अर्थशास्त्राचे तास दुपारी असत आणि ते करून निघाले की वडूजची गाडी चुकत असे. इतिहासाचे तास सकाळी आटोपत, म्हणून इतिहास घेतला.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले, प्रवेश समितीवर बसलो आणि आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या मुलांचे अर्ज पाहून देतो. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की एम.ए. किंवा एम.एस्सी.चा प्रवेश जून-जुलैमध्ये अर्ज भरताना ठरत नसून त्याच्या दोन वर्षे आधी, एफ.वाय. (पहिले वर्ष) संपून एस.वाय. (दुसरे वर्ष) सुरू होताना, तीन विषयांतून मेजर कोणता, मायनर कोणता आणि सोडायचा कोणता हे ज्या कागदावर लिहून घेतले जाते, त्या कागदावर ठरतो. आणि तो कागद भरताना विद्यार्थ्याला याची कल्पना देणारे सहसा कोणी नसते.

जुन्या पद्धतीत निदान गोंधळ कमी होता. बी.ए.ला ज्याचा स्पेशल विषय मराठी, तो मराठीत एम.ए. करणार हे सर्वांना ठाऊक असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून संलग्नित महाविद्यालयांत सुरू झाली, आणि पदवीच्या गुणपत्रिकेत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली अशी बरीच खाती उघडली गेली. यातील मायनर हा विषय विद्यार्थी आणि पालक 'दुय्यम', म्हणजे कसाही चालेल असा समजतात. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा दिला, त्यानुसार विद्यार्थ्याला मेजरमध्ये पदव्युत्तर प्रवेश घेता येतो, तसाच मायनरमध्येही घेता येतो. मायनर म्हणजे एम.ए.चे दुसरे दारच आहे. त्या मुलीने हे दार एस.टी.च्या वेळापत्रकासाठी बंद करून घेतले, आणि तसे करताना आपण काय बंद करत आहोत हे तिला कोणी सांगितले नाही. दोष मी तिला देत नाही. वडूजची गाडी चुकली की घरी पोहोचायला किती अंधार होतो, हे त्या भागात राहिलेल्यालाच कळते.

तरीही तिच्यासाठी एक तिसरा मार्ग उरतो. त्याच आराखड्यानुसार मेजर आणि मायनर कोणतेही असले तरी विद्यार्थी ज्या विषयात जाऊ इच्छितो त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरील प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला, तर तो त्या विषयातील पदव्युत्तर प्रवेशास पात्र ठरतो. हा मार्ग मोकळा आहे, पण सोपा नाही. कारण पदवीच्या दोन वर्षांत इतरांनी जे सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र वर्गात बसून केले, ते हिला घरी एकटीने करावे लागणार आहे. शिवाय आराखडा आयोगाचा असला तरी प्रत्यक्ष पात्रता लिहितात ती विद्यापीठे. त्यामुळे 'आयोगाने सांगितले आहे' एवढ्यावर विसंबून न राहता ज्या विद्यापीठात जायचे त्याचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचणे भाग आहे. साताऱ्याच्या मुलांना हे अधिक जपून करावे लागते, कारण इथे आता दोन विद्यापीठे शेजारी नांदतात: जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील काही महाविद्यालये एकत्र करून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे स्वतंत्र समूह विद्यापीठ झाले. एकाच रस्त्यावरून कॉलेजला जाणाऱ्या दोन मैत्रिणींची विद्यापीठे वेगळी असू शकतात. आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना मायग्रेशन प्रमाणपत्र लागते, हे प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कळून उपयोग नसतो.

आता चौथ्या वर्षाविषयी, कारण तिच्या वडिलांचा मुख्य प्रश्न तोच होता. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करायचे, की चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यायची आणि मग एका वर्षाचे एम.ए. करायचे? वर्षे दोन्हीकडे पाचच होतात. चार वर्षांच्या पदवीचे आकर्षण असे की पदवीला किमान ७५ टक्के गुण असतील तर एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो, आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात ५ टक्के सवलत आहे. 'ऑनर्स विथ रिसर्च', म्हणजे संशोधनासह ऑनर्स पदवी, हवी असेल तर ७५ टक्क्यांची अट त्याआधीच, पहिल्या सहा सत्रांच्या गुणांवर, लागते आणि त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शकही असावे लागतात, जे तालुक्याच्या महाविद्यालयात प्रत्येक विषयाला मिळतीलच असे नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या विद्यार्थ्याला संशोधनाची खरी ओढ आहे आणि ज्याचे गुण ७५ च्या वर आहेत, त्याने चौथे वर्ष जरूर करावे. इतरांनी तीन वर्षांची पदवी हातात घेऊन दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळावे. स्पर्धा परीक्षांना तीन वर्षांची पदवी पुरते. बी.एड.ला पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के आणि सी.ई.टी. लागते, चौथे वर्ष नव्हे. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हा रस्ता अजून तोच आहे. चार वर्षांच्या पदवीवर नेट देता येते, परंतु ती संशोधनवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेशापुरती, सहायक प्राध्यापकपदासाठी नव्हे. हा बारकावा अनेक प्राध्यापकांनाही सांगावा लागतो. शिवाय चौथे वर्ष करणाऱ्याने मेजर बदलण्याचा विचार सोडून दिलेला असतो, आणि या मुलीला तर नेमका विषयच बदलायचा आहे. दोन वर्षांच्या एम.ए.त आणखी एक सोय अशी की घरची अडचण आली तर पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. कोरडवाहू शेती असलेल्या घरात ही सोय लहान नसते.

एम.ए.च्या आत काय शिकवतात, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणीच विचारला नाही, म्हणून मीच सांगितले. राज्याच्या रचनेनुसार चार सत्रांत प्रत्येकी २२ असे ८८ श्रेयांक (क्रेडिट) असतात. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण) किंवा क्षेत्रप्रकल्पाचे ४, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांत मिळून संशोधन प्रकल्पाचे १०. उरलेले विषयाचे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले तर ऑन जॉब ट्रेनिंग १२० तासांचे होते. हे १२० तास माझ्या दृष्टीने या साऱ्या बदलातील सर्वांत मोलाचे आहेत आणि सर्वांत जास्त वाया जाणारेही तेच आहेत. ओळखीच्या झेरॉक्स सेंटरचा किंवा कॉम्प्युटर क्लासचा शिक्का घेऊन १२० तास 'पूर्ण' केलेली प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत. त्यावर सह्या करणारेही आमच्यातलेच होते.

वास्तविक या जिल्ह्यात अशा कामाला जागा शोधत फिरावे लागू नये. मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्याला वाई आहे, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. वनस्पतिशास्त्राला कासचे पठार आहे, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. अर्थशास्त्राला माण-खटावचा दुष्काळी पट्टा आहे, जिथे पाणलोटाच्या कामानंतर गावचे पीक, दूध आणि मुंबईला जाणारी माणसे यांचा हिशेब कसा बदलला, हे घरोघर जाऊन विचारता येते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आहे, कृष्णाकाठचा ऊस आणि साखर कारखाने आहेत. विभागप्रमुखाने सत्र सुरू होण्याआधी दोन-तीन पत्रे लिहिली, एखाद्या कार्यालयात स्वतः जाऊन बसले, तर ही दारे उघडतात. मी तसे करून पाहिले आहे. काही ठिकाणी चहाही मिळाला, काही ठिकाणी 'पुढच्या महिन्यात बघू' मिळाले.

महाविद्यालयांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. एफ.वाय.चा निकाल लागताना, मेजर-मायनर निवडण्याच्या आधी, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने वर्गात अर्धा तास उभे राहून सांगावे की या विषयातून पुढे कोणकोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना जाता येते आणि हा सोडला तर काय काय बंद होते. एम.सी.ए.सारख्या संगणकाच्या अभ्यासक्रमाच्या पात्रतेत बारावीच्या किंवा पदवीच्या गणिताचाही विचार होतो, ही गोष्ट टी.वाय.च्या शेवटी कळलेली कितीतरी मुले मला भेटली आहेत. आणि वेळापत्रक लावताना बाहेरगावच्या मुलींच्या शेवटच्या गाडीचा विचार करावा, म्हणजे विषयाची निवड निदान विषयावरून होईल.

त्या मुलीला मी प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून सुरू करायला सांगितले आहे. पहिल्या वर्षाची अर्थशास्त्राची वही तिने जपून ठेवली आहे. निघताना तिच्या वडिलांनी एवढेच विचारले की परीक्षा कोल्हापूरला सकाळी असेल तर वडूजहून पहाटे किती वाजता गाडी आहे. ते मलाही बघून सांगावे लागणार आहे.