कोरियाच्या फॉरवर्डमधली गाळलेली पानं

‘कोरियाने पाच-सहा उद्योगघराणी निवडली, मागतील तेवढं कर्ज दिलं, युनियनबाजी चालू दिली नाही. म्हणून सॅमसंग-ह्युंदाई जगभर पोचल्या. आपणही हेच करायला हवं.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. एकदाच काय ते लिहून टाकतो.

‘मागतील तेवढं कर्ज.’ साफ चूक. १९६१च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेल्या जनरल पार्क चुंग-ही यांनी आधी बड्या उद्योगपतींचीच धरपकड केली, बँका सरकारकडे घेतल्या. स्वस्त कर्ज मिळे, पण निर्यात करून दाखवणाऱ्याला. निर्यातीच्या मासिक बैठकीला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले पार्क स्वतः बसत. १९६४ साली १० कोटी डॉलरची निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटींवर गेली. लाड होते, पण परीक्षा परदेशी गिऱ्हाईक घेत होतं. फॉरवर्डवाल्यांना लाड तेवढे दिसतात.

‘युनियनबाजी नाही.’ दडपशाही होती, खरंय. पण १९८७च्या प्रचंड संपांनंतर पगार वाढले, युनियन उभ्या राहिल्या, आणि तरीही कारखाने वाढतच गेले.

‘म्हणून जगभर पोचल्या.’ देवू हे मोटारी बनवणारं कोरियन घराणंही पोचलं होतं की! पोलंड, रुमानिया, उझबेकिस्तान, आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं सूरजपूर. देवूची सिएलो गाडी आठवते? मग मॅटिझ? हा सगळा पसारा कर्जावर उभा होता. या घराण्यांत, म्हणजे चेबोलमध्ये, एक कंपनी दुसऱ्या भावंड कंपनीच्या कर्जाला जामीन राहायची. एक घसरली की बाकीच्याही ओढल्या जायच्या. १९९७च्या आशियाई आर्थिक संकटात बड्या घराण्यांचं कर्ज सरासरी भांडवलाच्या पाचपट झालं होतं. हान्बो स्टील त्याच जानेवारीत बुडाली, किया पुढे ह्युंदाईच्या पदरात पडली आणि १९९९ मध्ये देवू कोसळली. तिचा ट्रक कारखाना २००४ मध्ये टाटा मोटर्सने घेतला. मोटारी जनरल मोटर्सकडे गेल्या. मॅटिझचीच पुढची पिढी स्पार्क या नावाने तळेगावात बनू लागली. तो तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. मुंबई-पुणे रस्त्याने जाता-येता बघा.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत घ्यावी लागल्यावर सुधारणा आल्या: नव्या परस्पर जामिनांना बंदी, कर्ज भांडवलाच्या दुपटीच्या आत आणण्याची सक्ती. म्हणजे मेसेजमध्ये ज्या मोकळ्या हाताचं कौतुक आहे, तोच कोरियाला आवरावा लागला.

आणि झळ कोणाला बसली? १९९८च्या सुरुवातीला सुमारे ३५ लाख लोकांनी देशाचं देणं फेडायला घरातलं सोनं आणून दिलं. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला नातेवाइकांनी दिलेल्या इवल्या अंगठ्या. २०० टनांहून जास्त सोनं जमलं, वितळवलं आणि परदेशी विकलं. देवूचे संस्थापक किम वू-चुंग तेव्हा देशातच होते. पुढच्या वर्षी ते परदेशी निघून गेले, परतले थेट २००५ मध्ये. शिक्षा झाली, मग माफीही मिळाली.