परत म्हणजे कुठे?

या महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधल्या आमच्या बर्मिंगहॅममध्ये ‘स्टील पल्स’ या रेगे बँडचा कार्यक्रम आहे आणि आमच्या मराठी मंडळातील चार कुटुंबांनी तिकिटे काढली आहेत. रेगे हे जमैकाचे संगीत; पण रेगे म्हणजे बॉब मार्ली, यापलीकडे आमच्यापैकी बहुतेकांना फारशी माहिती नाही. त्यामुळे या मंडळींची थोडी ओळख लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. ते लिहायला बसलो त्याच संध्याकाळी डोंबिवलीच्या शाळासोबत्यांच्या गटावर एक चित्रफीत आली. मराठी बोलता न येणाऱ्या एका रिक्षाचालकाला काही तरुण दरडावत होते आणि खाली माझ्याच वर्गमित्राने लिहिले होते, “जमत नसेल तर आपल्या गावी परत जा.” ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही ओळख त्याला बाजूला ठेवून लिहिता येत नाही.

‘स्टील पल्स’ची सुरुवात 1975 साली हँड्सवर्थ या बर्मिंगहॅमच्या भागात झाली. डेव्हिड हाइंड्स, बॅसिल गॅबिडन आणि रोनाल्ड मॅक्वीन ही शाळकरी मित्रांची टोळी. हाइंड्सचे आईवडील जमैकाहून आलेले, पण तो स्वतः 1956 साली इथेच, बर्मिंगहॅममध्ये जन्मला. तो अकरा वर्षांचा असताना, 20 एप्रिल 1968 रोजी, याच शहरातल्या एका हॉटेलात खासदार इनॉक पॉवेल यांनी ते कुप्रसिद्ध भाषण केले, ज्यात स्थलांतर थांबवण्याबरोबरच आलेल्यांना परत जाण्यासाठी उत्तेजन देण्याची मागणी होती. इथे जन्मलेल्या, इथल्या शाळेत शिकणाऱ्या, बर्मिंगहॅमच्या हेल काढून बोलणाऱ्या त्या मुलाने परत म्हणजे नेमके कुठे जायचे होते?

या प्रश्नाला बँडने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. 1978 साली त्यांचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्यांनी त्याला जमैकाचे किंवा आफ्रिकेचे नाव दिले नाही. ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’ असे आपल्या मोहल्ल्याचे नाव दिले. पोलीस केवळ संशयावरून काळ्या मुलांना रस्त्यात अडवत, 1824 च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्याचा आधार घेऊन पकडत, आणि तो आधार 1981 पर्यंत रद्द झाला नव्हता. अशा काळात ज्या गल्लीत आपल्याला उपरे ठरवले जाते त्याच गल्लीवर हक्क सांगणे, हे सोपे नव्हते. 1978 सालीच ‘कू क्लक्स क्लॅन’ हे अमेरिकेतल्या गोऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या संघटनेचे नाव घेतलेले गाणे आले, आणि ते म्हणताना ही मुले रंगमंचावर त्या संघटनेचे पांढरे टोकदार बुरखे घालून उभी राहत. 30 एप्रिल 1978 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध जो प्रचंड मेळावा झाला, त्यात ‘द क्लॅश’सारख्या गोऱ्या पंक बँडच्या जोडीने ‘स्टील पल्स’ही वाजवून गेले. पुढे 1987 साली त्यांना रेगेचे ग्रॅमी मिळाले. जमैकाबाहेरच्या बँडला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ऐकताना काय ऐकावे, हेही सांगतो. आपला कान समेची वाट पाहतो; ढोलकी असो वा ताशा, सारा जोर तिथे येऊन पडतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात नेमकी पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि ड्रमचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो, तर गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक वाजत राहते. पहिल्या दोन गाण्यांत आपला पाय चुकतो. मग बेस गिटारचा भरीव आवाज छातीत उतरू लागतो आणि ती मोकळी जागाच ठेका धरते आहे हे उमगते. मला हे उमगायला कितीतरी दिवस लागले, पण उमगल्यावर सोहो रोडवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या निवडतानाही दुकानातल्या रेडिओचा ठेका अचूक पकडता येऊ लागला.

आता माझ्या वर्गमित्राकडे वळतो. मराठीसाठी त्याचा जीव तुटतो, तो खोटा नाही. मुंबईत दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, सरकारी कारभार मराठीत चालावा, तिथे राहणाऱ्याने मराठी शिकावी, हे माझेही ठाम मत आहे, आणि परदेशात राहतो म्हणून ते पातळ झालेले नाही. पण “शिका” आणि “परत जा” ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात माणसाला आपल्यात घेण्याची तयारी असते, दुसऱ्यात त्याने कितीही शिकले तरी दार बंदच राहते. शिवाय राग चुकीच्या माणसावर निघतो. 1982 च्या संपानंतर गिरणगाव उजाडले, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि मराठी कामगार कर्जत-कसाऱ्याकडे ढकलला गेला. त्या जमिनींचे व्यवहार कोणत्याही रिक्षाचालकाने केले नव्हते. बर्मिंगहॅमचे कारखाने एकामागून एक बंद पडले तेव्हाही दोष असाच हँड्सवर्थच्या पोरांवर आला होता.

तिकडची परिस्थिती वेगळी आहे, असे तो म्हणेल, आणि काही अंशी ते खरे आहे. एका देशातले राज्य आणि एकेकाळी साम्राज्य चालवणारा देश यांची तुलना सरळ होत नाही. पण ऑगस्ट 2024 मध्ये साउथपोर्ट गावात झालेल्या तीन लहान मुलींच्या हत्यांनंतर इंग्लंडच्या शहरांत दंगली उसळल्या, तेव्हा मारेकरी नुकताच आलेला निर्वासित आहे अशी अफवा पसरवली गेली होती. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. त्या आठवड्यात आमच्या मंडळाने मुलांचा मराठी वर्ग रद्द केला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, आपल्याला जावे लागेल का?” तिचा जन्म इथला. तिचा हा प्रश्न मी वर्गमित्राला फोन करून सांगितला, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तिचे वेगळे रे.” ते वेगळे का, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्या 1962 साली जमैकाहून परिचारिका म्हणून आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे; त्यात बिस्किटे नाहीत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, पिवळ्या पडलेल्या, वर्षाप्रमाणे रबर लावून ठेवलेल्या. त्यांच्याच पिढीतल्या अनेकांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवल्याचे 2018 साली उघड झाले, तेव्हापासून त्या डबा हाताशी ठेवतात. कार्यक्रमाविषयी सांगितले तेव्हा त्या हसल्या. सत्तरच्या दशकात त्या नियमित चर्चला जाणाऱ्या, आणि केसांच्या जटा वाढवलेली रास्ताफारी (जमैकातल्या एका धर्मपंथाची) मुले दिसली की रस्ता ओलांडणाऱ्या. ‘स्टील पल्स’ला सुरुवातीला बर्मिंगहॅमच्या कॅरिबियन क्लबांनीच रास्ताफारी म्हणून दारात उभे केले नव्हते, हे मी वाचले होते, ते खरे असल्याचे आजींनी मान खाली घालून सांगितले. मग विचारले, बसायची जागा मिळेल का, गुडघे दुखतात. त्यांचे तिकीट मी काल काढले, दुसऱ्या रांगेत, कडेचे.