रक्त घ्या हो, रक्त!

सत्कार किंवा निवृत्ती समारंभात माणूस हमखास म्हणतो, "आपण समाजाचं काही देणं लागतो." हप्ता किती आणि तो भरायचा कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घराला हे देणं फेडायची हुक्की उन्हाळ्यात येते. मागे जुने कपडे द्यायला गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी माझा शर्ट उजेडात धरला आणि पलीकडचा पंखा स्पष्ट दिसल्यावर नम्रपणे परत केला. तो शर्ट मी अजून घालतो, यावर बायकोला वेगळं काही बोलायचं आहे.

यंदा सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर लागलं आणि तिने जाहीर केलं, "सगळं घर रक्त देणार." मे महिन्यात रक्तपेढ्यांची ओढाताण असते. कॉलेजं बंद, म्हणजे हुकमी दाते सुट्टीवर. शिवाय अर्धी डोंबिवली कोकणात. (उरलेली अर्धी तिकिटं शोधत असते.) "रक्त काढतात आणि वर पैसेही देत नाहीत?" आईने विचारलं. "1998 पासून रक्ताचे पैसे घ्यायला बंदी आहे," बाबा म्हणाले. पण देणाऱ्याला स्टीलचा डबा मिळणार होता. त्यामुळे आईच्या हिशेबात चार माणसांचे चार डबे आले आणि त्यातले दोन कोणाला द्यायचे, तेही ठरलं.

पहिली विकेट बाबांची. वयोमर्यादा 65 आणि बाबा पंच्याहत्तरीपार. "मी एकाहत्तरच्या युद्धात रक्त दिलंय," त्यांनी सुनावलं. डॉक्टरबाई हसल्या. मग बाबांनी हुकमाचा पत्ता टाकला : "माझा बॉम्बे ग्रुप असणार. 1952 साली डॉ. भेंड्यांनी मुंबईत शोधला, आणि मी जन्माने गिरगावचा." दुर्मीळ रक्तगट जन्मगावावरून मिळत नाही, हे त्यांना समजावण्यात रांग खोळंबली. पाकिटातलं जुनं कार्ड निघालं, त्यावर बी पॉझिटिव्ह होतं. ते कार्ड चुकलंय, असं बाबांचं मत आहे.

मग चिरंजीव. फॉर्मवर कावीळ, मलेरिया, औषधं, दात काढणं अशी चौकशी असते. त्यात "गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलं आहे का?" या प्रश्नाशी त्याचं पेन अडखळलं. हा मुलगा भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, हे आम्हाला कोडं होतं. मी तो संस्कारांचा परिणाम समजत होतो. डॉक्टरबाईंनी बाही वर करायला लावली. दंडावर पंख पसरलेला गरुड!

"कधी केलंस?" बायकोचा आवाज खाली गेला. आवाज चढला की तिचा राग निवतो, खाली गेला की आमची धडगत नसते. आईने मात्र चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "कोंबडा छान काढलाय."

सुई अस्वच्छ असेल तर काविळीचा विषाणू रक्तात शिरू शकतो, म्हणून वर्षभर थांबायचं. गरुड जमिनीवर उतरला.

आता खुद्द बायको. बोट टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. बुडाला तर हिमोग्लोबिन किमान साडेबारा, तरंगला तर कमी. जिच्यापुढे घरात कोणाची डाळ शिजत नाही, तिचा थेंब तरंगला. "पाणी बदला," ती म्हणाली. पाणी बदललं. हाही तरंगला. मशीनने अकरा दाखवले. "ताई, बहुतेक बायकांचं हेच होतं," टेक्निशियन म्हणाला. खोटं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी पातेल्यातलं खरवडून खाणाऱ्या किती, हे कळायला पाहणीही नको. आमच्या घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि तिला स्वतःला तर मुळीच नाही.

उरलो मी. मी खरं तर सगळ्यांच्या चपला सांभाळायला आलो होतो. सुई दिसल्याबरोबर रक्तदाब 150 वर गेला. चालतो 140 पर्यंतच. माझी आशा पल्लवित झाली. पण त्यांनी पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं आणि पुन्हा मोजला तेव्हा तो मेला उतरला होता.

टोचलं ते खरंच विशेष जाणवलं नाही. हातात रबरी चेंडू दिला होता. तो मी जीव खाऊन दाबायला लागलो. "काका, हळू. सायकलला हवा नाही भरायची," टेक्निशियन म्हणाला. त्या "काका"ने सुईपेक्षा जास्त दुखलं. त्यानेच सांगितलं, की 350 मिलीच्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करतात. तांबड्या पेशी महिनाभर टिकतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस, तेही सतत हलवत ठेवून. नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी ढिगाने पिशव्या भरून फोटो काढणाऱ्यांना हे कोणी सांगत असेल का, असं मला आडव्या अवस्थेत वाटून गेलं.

उठून पाहतो तर चहाच्या टेबलामागे आई. तिथला चहा तिने एका घोटात नापास केला होता आणि आलं आणायला बाबांना पिटाळलं होतं. बायको एका कोपऱ्यात फोनवर आळिवाच्या लाडवांचं प्रमाण विचारत होती. डबा एकच मिळाला आणि तो लाडवांसाठी जप्त झाला.

निघताना संयोजक आईला म्हणाले, "आजी, गणपतीतल्या शिबिरालाही याल ना?"

"येईन की," आई म्हणाली. "पण कोंबड्यालाही घेऊन येते. ट्रे उचलायला दंड चांगला आहे."