हॉटेलांचे रिव्ह्यू सरकार तपासत नाही

‘आता ऑनलाइन रिव्ह्यू सरकार तपासूनच टाकतं, चार स्टार दिसले की हॉटेल बिनधास्त बुक करा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं, तेही ऐच्छिक म्हणून. त्यात रिव्ह्यू लिहिणाऱ्याची पडताळणी साइटनेच करायची आहे. सरकारी माणूस एकेक रिव्ह्यू वाचत नाही.

२०१७ मध्ये तर लंडनचं ‘द शेड ॲट डलिच’ हे अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट निव्वळ खोट्या रिव्ह्यूंवर ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यू साइटच्या लंडनच्या यादीत पहिलं आलं होतं! गूगल मॅप्सवर हॉटेलात न राहिलेला माणूसही रिव्ह्यू लिहू शकतो.

म्हातारे आईवडील सोबत असतील तर कृपया नुसते स्टार पाहू नका. अलीकडचे दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा, हॉटेलला फोन करून लिफ्ट, गरम पाणी विचारून घ्या.