एकाने हुकलेला चाकरमानी

माझ्या ऑफिसच्या टेबलावर एक मग आहे. त्यावर छापलंय : ‘संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच – कॅशे साफ करणं, गोष्टींना नावं ठेवणं आणि मोजताना एकाने चुकणं.’ (कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून संगणकाने हाताशी ठेवलेली माहिती.) फिल कार्लटन या प्रोग्रामरच्या मूळ वाक्यात खरोखर दोनच गोष्टी होत्या. तिसरी मागाहून कोणीतरी चिकटवली, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे.

हा मग पहिल्यांदा घरी आणला तेव्हा बायकोने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “दोन म्हणून तीन दिल्यात. छपाईत चूक आहे, बदलून देतात का बघ.” अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा वर करून मधली गोष्ट वाचली. “नावं ठेवणं अवघड? तुझ्या आत्याला विचार.” माझे विनोद घरात असेच वारतात. त्यांच्यावर हसायचं तर आधी ते समजावून सांगावे लागतात, आणि समजावून झाल्यावर ऐकणारा भाजी निवडायला उठून गेलेला असतो.

पण तो तिसरा विनोद एक दिवस थेट माझ्यावरच होणार आहे, हे मगावर लिहिलेलं नव्हतं.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आमचा गणपती गावी, कुडाळ तालुक्यात. डोंबिवलीहून निघणारा चाकरमानी कधी निघायचं हे पंचांग बघून ठरवतो, पण निघता येणार की नाही हे रेल्वेच्या आरक्षणावर ठरतं. पूर्वी ही खिडकी १२० दिवस आधी उघडायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली. २५ ऑगस्टच्या रात्री निघून २६ ला सकाळी पोचायचं असं ठरलं. म्हणजे २५ ऑगस्टच्या साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, बोटं कीबोर्डवर.

आता साठ दिवस मागे मोजायला काय लागतं? अण्णांना भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक पेन्सिल लागली. सहकारी बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी ओठ हलवत मागे मोजलं आणि २६ जूनवर गोल केला. मला मात्र हे असं हाताने मोजणं बघवत नव्हतं. मी पायथॉन या संगणकाच्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तारीख द्या, तो मागे मोजेल, फोनवर आठवण लावेल, वर एक कन्फर्म सीटचा इमोजीही टाकेल. प्रोग्रॅम म्हणाला, २७ जून.

“सव्वीस,” अण्णा म्हणाले.

“सत्तावीस. कोड आहे, अण्णा.”

“मी सदतीस वर्षं नोटा मोजल्यात.”

“नोटांना फेब्रुवारी नसतो.”

फेब्रुवारीचा इथे काडीचा संबंध नव्हता. पण वादात जिंकल्यासारखं वाटावं एवढं ते वाक्य जोरदार होतं, आणि अण्णा गप्प बसले. गप्प बसलेला कॅशियर म्हणजे काय, हे मला साठ दिवस कळत राहणार होतं.

२७ जूनला सात पन्नासला लॉग-इन झालो. आठ वाजता कॅप्चा आला. कॅप्चा ही तशी थोर परंपरेतली चीज आहे : अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० साली यंत्र माणसासारखं वागू शकतं का हे तपासायची कसोटी सुचवली, आणि कॅप्चाच्या लांबलचक इंग्रजी नावात त्या ट्युरिंगचं नाव दडलेलं आहे. फरक एवढाच की आता परीक्षा यंत्र घेतं आणि घाम माणसाला फुटतो. पहिला कॅप्चा चुकला. दुसऱ्यात ते ‘ओ’ आहे की शून्य, यावर दहा सेकंद गेली. पाठीमागे कन्या उभी होती. “बाबा, तू माणूस आहेस हे सिद्ध करायला एवढा वेळ लागतो?”

लागला. आणि २५ ऑगस्टसमोर शब्द आला : रिग्रेट. म्हणजे प्रतीक्षा यादीसुद्धा भरून ओसंडलेली. पुढची गाडी, रिग्रेट. त्याच्या पुढची, रिग्रेट. इतका खेद एका सकाळी माझ्याबद्दल आजवर कोणीही व्यक्त केलेला नाही. आठ वाजून एक मिनिटाला सगळं कसं संपेल, म्हणून मी यंत्रणेला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग डोक्यात उजेड पडला : आज उघडलंय ते २६ ऑगस्टचं. २५ चं काल उघडलं आणि कालच संपलं. नियमात सरळ लिहिलेलं असतं की साठ दिवसांत प्रवासाचा दिवस धरत नाहीत. माझ्या प्रोग्रॅमने तो धरला होता. निदान २६ चं तरी मिळवावं म्हणून तिकडे धावलो, तोवर मी रिग्रेट वाचण्यात घालवलेल्या मिनिटांत तेही वेटिंग २१४ वर गेलं होतं.

अण्णा बाहेर पेपर वाचत होते. पान उलटलं, एवढाच आवाज आला.

शेवटी चुलत भावाच्या गाडीतून जायचं ठरलं. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, पाच माणसं, गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटवीला बांधायच्या सामानाची पिशवी आणि डिकीत सासूबाईंनी दिलेला, कोणत्याही कोनात न मावणारा चौरंग. २५ च्या रात्री निघालो. निघताना भावाने नकाशा उघडला, आणि मला राहवेना.

“तुला माहितीय, हा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची पद्धत डाइक्स्ट्रा नावाच्या डच माणसाने काढली. १९५६ मध्ये. अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला होता, दमून कॉफी प्यायला बसला, आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला कसं जायचं ते कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत सोडवलं.”

“आणि खरेदी?” मागून बायकोचा आवाज आला.

डाइक्स्ट्राची पद्धत चालायला एक अट असते : रस्त्याच्या कुठल्याही तुकड्याची किंमत शून्याखाली जाता कामा नये. कोकणच्या रस्त्यावर ही अट टिकत नाही, कारण वाटेत आत्या राहते. नकाशाच्या दृष्टीने चिपळूणला आत वळणं म्हणजे पाऊण तासाचं नुकसान. अण्णांच्या हिशेबात मात्र तिथे न वळण्याचं नुकसान पुढची अकरा वर्षं, प्रत्येक लग्नात, व्याजासकट भरावं लागतं. गावी पोचल्यावर तर प्रश्न आणखी वाढतो. दहा घरी दर्शनाला जायचं, तर ती घरं घेण्याचे क्रम होतात ३६,२८,८००. संगणकशास्त्रात हा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यावर भल्याभल्यांनी आयुष्यं घालवली आहेत. आमच्या काकीने तो एका वाक्यात सोडवलाय : ज्याच्याकडे मागल्या वर्षी शेवटी गेलात, त्याच्याकडे यंदा पहिले जा.

पेणच्या पुढे गाड्यांची रांग लागली. तीन पावलं पुढे, सात मिनिटं थांबा. अशा वेळी गाडीतल्या मंडळींचं मन रमवणं ही विनोदी माणसाची जबाबदारी असते, असं मला वाटतं. बाकीच्यांना तसं वाटत नाही. मी माझा ठेवणीतला काढला. “प्रोग्रामर लोक हॅलोविन आणि नाताळ यांत गल्लत का करतात?”

कोणीही ‘का?’ असं विचारलं नाही.

“कारण ऑक्ट ३१ बरोबर डेक २५!” मी एकटाच हसलो. मग नेहमीप्रमाणे समजावायला घेतलं : हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, नाताळ २५ डिसेंबरला. ऑक्टल म्हणजे आठाची मोजणी, तिथे ३१ म्हणजे तीन आठे चोवीस आणि एक, पंचवीस. डेसिमल म्हणजे आपली दहाची...

अण्णा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणून तुझं तिकीट चुकलं का?”

गाडी हादरली. बायको, भाऊ, कन्या, सगळेच. वीस वर्षांत माझ्या विनोदाला एवढं हसू कधी मिळालं नव्हतं, आणि ते अण्णा घेऊन गेले. साठ दिवस राखून ठेवलेलं होतं ते. कॅशियर माणूस, वेळेआधी एक रुपया सोडत नाही.

कोलाडजवळ रुळांवरून एक मालगाडी जाताना दिसली. उघड्या डब्यांवर ओळीने ट्रक उभे, ताडपत्रीसकट. कोकण रेल्वे १९९९ पासून ही रो-रो सेवा चालवते. कोलाडला ट्रक चढतात, थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतात. मला ते दृश्य फार आवडतं. नेटवर्कमध्ये माहितीची एक पुडी दुसऱ्या पुडीत घालून पाठवतात, तसं हे वाहन दुसऱ्या वाहनात घालून बोगद्यातून पाठवणं. मी हे सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात कन्या म्हणाली, “बाबा, ट्रकला रिझर्वेशन मिळालं.”

घाट लागला आणि नेटवर्क गेलं. गावी भाऊकाकांना ‘उशीर होतोय’ एवढंच कळवायचं होतं, पण संदेशापुढचं ते छोटं घड्याळ काही फिरेना. इंटरनेटचे नियम जिथे लिहून ठेवतात, तिथे १ एप्रिल १९९० या तारखेचा एक गंभीर चेहऱ्याचा दस्तऐवज आहे : कबुतरांच्या पायाला बांधून डेटा कसा पाठवावा. एप्रिल फूलच तो. पण २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमधल्या काही हौशी लोकांनी ते खरंच करून पाहिलं. नऊ पुड्या पाठवल्या, चारांचं उत्तर आलं, आणि एकेका उत्तराला जवळपास एक तास ते पावणेदोन तास लागले. जगभरचे गीक यावर अजून टाळ्या देतात. माझी काकी दर महिन्याला कुडाळ डेपोतल्या ड्रायव्हरच्या हाती कुळथाचं पीठ, कोकमं आणि आगळाची बाटली देते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ती उतरवून घेतो. आजवर एकही पुडी हरवलेली नाही. तिला कोणी टाळ्या देत नाही, कारण तिने आधी दस्तऐवज लिहिला नाही.

चिपळूणला आत्याकडे चहा झाला (नावं ठेवणंही झालं, विनासायास), आणि पुढे गाडीत मी माझा बचाव मांडला. इतक्या तासांत मला एक गोष्ट लक्षात आली होती. चूक माझी नव्हतीच, चूक मराठीची होती. सोमवारी कोणी ‘आठ दिवसांनी ये’ म्हटलं तर आपण पुढच्या सोमवारी जातो, आणि वजाबाकी येते सात. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवडे, चौदा. बारसं बाराव्या दिवशी, त्यात जन्माचा दिवस धरलेला. आपला पाच दिवसांचा गणपती २७ ला येतो आणि ३१ ला जातो. वजाबाकी केली तर चारच. म्हणजे आपण बसलेला दिवसही मोजतो आणि उठलेलाही. अशा भाषेत वाढलेल्या पोराने प्रवासाचा दिवस धरला, तर त्यात त्याचा दोष काय? शून्यापासून मोजणं कसं सोयीचं, हे याच डाइक्स्ट्राने १९८२ मध्ये टिपण लिहून सांगितलंय. शून्याचा आपल्याला एवढा अभिमान, पण मोजायला बसलो की बोट एकावरच.

बचाव बिनतोड होता. गाडीत शांतता पसरली. मला वाटलं, पटलं.

“मी पण मराठीतच मोजलं होतं,” अण्णा म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नकाशाने रात्री दहा तास सांगितले होते, झाले सोळा. भाऊकाका परसात वई, म्हणजे कुंपण, नीट करत होते. पावसात गुरांनी एका बाजूने आडवी केली होती, आणि उद्या घरात गणपती असताना परसात म्हशी नकोत. आम्हाला बघून ते कोयता टेकवून उभे राहिले. “सकाळी येतलंव म्हणालेलंस मां?”

मग तिकिटाची सगळी कथा. मी सांगत होतो, अण्णा ओसरीवर खुर्ची घेऊन बसले होते, आणि काकी आमच्या हातांत पाण्याचे तांबे देत होती. काकांनी साठ दिवसांचा भाग नीट ऐकून घेतला. प्रोग्रॅमचा ऐकला नाही. ऐकून झाल्यावर हातातला खुंट जमिनीवर आपटला आणि म्हणाले, “म्हणजे तू खुंटे मोजलंस. मधली जागा मोजूक व्हयी होती.”

मी बघतच राहिलो. आमच्या धंद्यात या चुकीला शब्दशः हेच नाव आहे, कुंपणाच्या खांबांची चूक. कॉलेजात ती शिकायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं, आणि इथे चहासुद्धा व्हायच्या आत ती वईला टेकून उभी होती. मला इतका आनंद झाला की काकांना मिठीच मारणार होतो, पण त्यांच्या हातात कोयता होता.

“बरा, आता इलंस तर कामाक लाग,” ते म्हणाले. “वीस हात वई आसा. दर दोन हातार एक खुंटो. मांगरातसून लागतत तितके घेवन ये.”

मी मांगराकडे, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटाकडे, गेलो. एकदा पोळलेला माणूस होतो. या खेपेला घाई केली नाही. खुंटांकडे अजिबात न बघता मधल्या जागा मोजल्या. वीस भागिले दोन. दोनदा पडताळलं. आणि खांद्यावर मोळी घेऊन, मोजून दहा खुंट काकांपुढे टाकले.

ओसरीवरून, पेपरमधून डोकं वर न काढता, अण्णांचा आवाज आला, “अजून एक आण.”