खुलासा : भुलेतून उठताना लेकरू किंचाळलं म्हणजे मेंदू बिघडला असं नाही

आर्णी-दिग्रसकडच्या गावांतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : टॉन्सिल, हर्नियाच्या ऑपरेशननंतर लेकरू ओरडलं, मायला ओळखेना, तर भुलेचा डोस जास्त होऊन मेंदूला इजा झाली. हे चूक आहे. (सोबत अंगारा लावायचा सल्लाही आहे, त्यावर काय बोलावं!)

सेव्होफ्लुरेनसारख्या वायूची भूल उतरताना काही मुलं, विशेषतः 2 ते 5 वर्षांची, अर्धवटच जागी होतात. डोळे उघडे, पण भान नाही. हातपाय झाडतात, सलाईन ओढतात. बहुतेक जण 10-15 मिनिटांत, काही अर्ध्या तासात आपोआप शांत होतात. डोसाच्या चुकीचं हे लक्षण नव्हे.

ते कमीही करता येतं. भुलेचे डॉक्टर ऑपरेशनच्या शेवटी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन ही गुंगीची औषधं देऊ शकतात, दुखणं आधीच आवरतात. घरच्यांनी मात्र ‘डॉक्टर सुई टोचतील’ असं भेव घालणं आधी थांबवावं. घाबरून रडत भूल घेतलेलं लेकरू उठतानाही जास्त बिथरतं. ऑपरेशनआधी उपाशी किती वेळ ठेवायचं तेही डॉक्टरलाच विचारा. साधं पाणी सहसा 2 तास आधीपर्यंत चालतं.

ओठ निळे दिसले, श्वास अडखळला, तर मात्र तडक नर्सला हाक मारा.