दादांचे पैसे आले

परवा आईचा फोन आला. "दादांचे पैसे जमा झाले गं." दादांना जाऊन अडीच वर्षं झाली, पण आईचं वाक्य बदललेलं नाही. दर महिन्याला ते ऐकलं की मी क्षणभर गप्प होते.

दादा, म्हणजे माझे वडील, एलआयसीचे एजंट होते. ठरावीक वर्षं काम केलेला एजंट वारला तर त्याने आणलेल्या पॉलिसींवरचं पुढचं कमिशन वारसाला मिळत राहतं, लोक हप्ते भरतात तोवर. एकेक पॉलिसी पिकत जाते तसा आकडा उतरत जातो. गेल्या महिन्यापेक्षा कमी आले की आई दादांच्या वह्या काढते, चष्मा लावते आणि कोणाची मुदत संपली ते शोधून काढते. "अगं, त्या मधल्या आळीतल्या सुताराची झाली वाटतं. पोरगीचं लग्न काढलं असेल आता." पैशापेक्षा तिला ही बातमी हवी असते.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. ऑफिसात परवा जेवताना एकजण म्हणाला, "एजंट म्हणजे नातेवाइकांना टोप्या घालणारी जमात." सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू टोचत राहिलं.

आधी त्याच्या बाजूने बोलते. तो पूर्ण चुकीचा नव्हता. एंडोमेंट, मनीबॅक या विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसींमध्ये हातात येणारा परतावा ढोबळमानाने पाच-सहा टक्के असतो आणि संरक्षण तुटपुंजं. वर्षाला सहा हजार भरणाऱ्या माणसाच्या मागे लाख-सव्वा लाख मिळणार, त्यात बायको किती वर्षं घर चालवणार? मी बँकेत आहे, मला हा हिशोब येतो. पंचवीस वर्षांची असताना मी तो कागदावर मांडून दादांपुढे ठेवला होता. टर्म पॉलिसी, म्हणजे निव्वळ संरक्षणाची, घ्या, उरलेले पैसे वेगळे गुंतवा. दादांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "उरलेले पैसे? कोणाकडे उरतात?"

तेव्हा मला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं. निम्मं अजूनही वाटतं.

दादा 1986 साली एजंट झाले. आधी सायकल, मग बजाजची एम-80. कोरेगाव तालुक्यातली गावं, पलीकडे खटावच्या हद्दीपर्यंत. ऊस, आलं, फौजेतली माणसं आणि मुंबईत माथाडी काम करणारे, यांतलं काही ना काही घराघरात. हप्त्याच्या तारखा त्यांनी लोकांच्या पैशाच्या तारखांना जुळवून दिल्या होत्या. उसाचं बिल कधी येतं, फौजी सुटीवर कधी येतो, मुंबईची मनिऑर्डर कधी पोचते, हे त्यांना पोस्टमनइतकं माहीत असायचं. वाढदिवस तर असे पाठ की बायका चकित व्हायच्या. त्यामागे प्रेम होतं तसा धंदाही होता. एलआयसीत वय जवळच्या वाढदिवसाचं धरतात, म्हणजे वाढदिवस होऊन सहा महिने उलटले की माणूस विम्याच्या हिशोबात एका वर्षाने मोठा होतो आणि हप्ता चढतो. दादा बरोबर पाचव्या महिन्यात त्या घरी चहाला जायचे.

कमिशनबद्दल लोकांच्या डोक्यात फार मोठे आकडे असतात, म्हणून एकदा सांगूनच टाकते. लांब मुदतीच्या पॉलिसीला त्या काळात पहिल्या वर्षी पंचवीस टक्के आणि त्या रकमेवर बोनस कमिशन धरून पस्तीसपर्यंत जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात. त्यानंतर पाच. सहा हजारांच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी एकवीसशे रुपये, ठीक. चौथ्या वर्षापासून तीनशे. हप्ता तिमाही असेल तर एका खेपेला पंचाहत्तर रुपये, त्यात जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, आणि घरात कोणी नसेल तर परत दुसरी खेप. शिवाय नियमाप्रमाणे एजंटाने हप्ता गोळा करायचाच नसतो, भरणाऱ्याने शाखेत जाऊन भरायचा. पण खेड्यातली बाई दीड हजार रुपये भरायला एसटी करून तालुक्याला कधी जाणार? ती पदराची गाठ सोडून पैसे विमावाल्याच्या हातात ठेवते, आणि पावती येईपर्यंत तोच तिची पावती असतो.

आणि त्या पहिल्या वर्षाच्या एकवीसशेवर तरी एजंटाचा हक्क कुठे असतो? "पहिला हप्ता तुम्ही भरा, मग काढतो पॉलिसी." हे म्हणणारे गरीब कधीच नसायचे. बंगलेवाले, पगारदार, दोन-दोन पेन्शनवाले. विमा कायद्याच्या 41व्या कलमाने ही सूट देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे, दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. पॉलिसीच्या फॉर्मवरच ते छापलेलं असतं. दादा बोट ठेवून दाखवायचे. समोरचा हसायचा आणि दुसऱ्या एजंटाला फोन लावायचा. काही वेळा दादांनीही सूट दिली. मार्च जवळ आला की, एलआयसीच्या एजंट-क्लबचं टार्गेट अडलं की. आईला कळायचं, कारण त्या महिन्यात किराणा उधारीवर यायचा.

आईचं तर वेगळंच प्रकरण. एजन्सीच्या कोडवर नाव दादांचं, वह्या आईच्या. कोणाची लॅप्स व्हायला आली, कोणाचं मेडिकल राहिलं, कोणाच्या वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा, सगळं तिच्याकडे. डीओ साहेब, म्हणजे दादांच्या वरचे डेव्हलपमेंट ऑफिसर, घरी आले की आधी तिलाच विचारायचे. तिला यातला एक रुपया कधी तिच्या नावाने मिळाला नाही. तो आता मिळतोय, आणि ती त्याला "दादांचे पैसे" म्हणते.

रविवारी आमच्याकडे वडील नसत. लोक घरी सापडतात तो वार तोच. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते कुठल्याशा वाडीत एका फौजीचा फॉर्म भरत होते, फौजीची सुटी दुसऱ्या दिवशी संपत होती. लग्नाची तारीख काढताना मार्च आधीच खोडला होता. मी बरीच वर्षं या गोष्टीचा राग धरून होते. कुटुंबवत्सल माणूस अशी त्यांची गावात ख्याती होती, आणि मला वाटायचं, हो, साडेसातशे कुटुंबांचे.

मग बँकेत लागले, आणि दोन वर्षांत मलाच विमा विकायला बसवलं. बँकेचं नाव घेत नाही, सगळीकडे कमीअधिक तेच चालतं. एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्यांना पॉलिसी. कर्ज हवंय ना, मग ही सही करा. विकणारी मुलंमुली हुशार, गोड बोलणारी, आणि तीन वर्षांत दुसऱ्या शहरात. चौथ्या वर्षी ग्राहक कागद घेऊन येतो तेव्हा टेबलापलीकडे नवा चेहरा असतो. मीही तशीच एका शाखेतून उठून आले. माझ्या सहीचे कागद तिकडे कोणाच्या कपाटात असतील, मला माहीत नाही.

दादांची बदली होणार नव्हती. सगळा फरक तिथेच आहे असं मला आता वाटतं. चुकीचं विकलं तरी त्यांना त्याच रस्त्याने पीठ दळून आणायचं होतं.

आणि त्यांनी चुकीचं विकलंही. 2007 साली बाजाराशी जोडलेल्या पॉलिसींची लाट होती. एका निवृत्त गुरुजींना, माझ्याच शाळेतल्या, दादांनी फंडाचे मोठे पैसे त्यात घालायला लावले. "तीन वर्षांत दामदुप्पट" असं दादा स्वतः म्हणाले होते, मी ऐकलंय. 2008 ला बाजार कोसळला. गुरुजी घाबरले, मिळतील तेवढे काढून मोकळे झाले, चाळीस-पंचेचाळीस हजार गेले. भांडले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर दादा शेवटपर्यंत त्यांच्या आळीतून गेले नाहीत, मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायचे. भर पावसात, चिखलातूनसुद्धा. एकदा मी विचारलं, जाऊन बोलत का नाही? म्हणाले, "काय बोलू? तो माणूस ओरडला असता तर गेलो असतो."

हे का लिहिलं? कारण मेलेल्या बापावर लिहिताना सगळं गोड होत जातं, आणि ते त्यांना आवडलं नसतं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे शेतीला वीज रात्रीची. आल्याच्या रानात पाणी धरायला गेलेला एक पस्तिशीतला माणूस साप चावून गेला. पहाटे निरोप आला तसे दादा निघाले. अंगणात तिरडी बांधायला घेतली होती, पाहुण्यांना निरोप गेले होते. आणि दादांनी तिथे जाऊन सांगितलं की पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय मयत हलवायची नाही. विचार करा, कोणत्या तोंडाने म्हणायचं हे? मयताचा भाऊ अंगावर धावून आला, "मेल्यावर पैसे मोजायला आलास का?" बायका ओरडल्या. दादा जागचे हलले नाहीत. पोलीस पाटलाला बोलावलं, पंचनामा करून घेतला, ग्रामीण रुग्णालयात शव न्यायला लावलं, परत आणेपर्यंत बरोबर राहिले.

कारण साधं होतं. पॉलिसी एक लाखाची होती, तिला अपघात लाभ जोडलेला होता. साप चावणं अपघातात धरतात, पण तसा कागद लागतो. कागद नसेल तर एक लाख, असेल तर दोन. चिता पेटली की पुरावा संपला. दादा नंतर प्रत्येक घरी पॉलिसीचा बॉण्ड देताना हे सांगायचे, पेढा तोंडात असतानाच. आई वैतागायची, शुभ वेळेला काय बोलता! त्या माणसाच्या बायकोला दोन लाख मिळाले. अंगावर धावून आलेला तो भाऊ माझ्या लग्नात पंगतीत वाढत होता.

आणखी एक त्यांचं हत्यार होतं, 1874 चा कायदा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. नवऱ्याने त्या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे पॉलिसी काढली तर तिच्यावर सहसा सावकाराचा, बँकेचा, कोणाचाच हात पडत नाही. पण फॉर्म भरतानाच तसं लिहून द्यावं लागतं, नंतर जोडता येत नाही. दादा व्यापाऱ्यांच्या, कर्जदारांच्या पॉलिसी आवर्जून तशा करायचे. इंग्रजांच्या काळातला कायदा पाठ असलेला हा बारावी पास माणूस. मी बँकेत वसुलीच्या फायली बघते, असं संरक्षण घेतलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोणी सांगितलंच नाही त्यांना.

नव्या घरी बोलणी करताना ते सुरुवात इतिहासापासून करत. विमा काय मुंबईहून आलेली थेरं नाहीत. आपल्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 लाच वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. मग 1956 चं राष्ट्रीयीकरण, 245 संस्था एकत्र करून झालेलं महामंडळ, आणि अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. इथे दादांचा आवाज चढायचा: "आणि 1 सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली तेव्हा हा माणूस खुर्चीवर नव्हता. मुंबईसाठी राजीनामा देऊन मोकळा!" संयुक्त महाराष्ट्रापर्यंत गाडी आली की समोरचा म्हातारा खूश, आणि फॉर्म बाहेर. विक्रीची ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकवत असतील असं वाटत नाही.

आता मोबाइलवर दहा मिनिटांत पॉलिसी मिळते, स्वस्त मिळते, मी स्वतः तशीच घेतली आहे. टर्म, एक कोटीची. नवऱ्याला पासवर्ड सांगितलाय. पण मध्यंतरी त्याला विचारलं, मी गेले तर पहिला फोन कुठे करशील? तो म्हणाला, "टोल फ्री नंबर असेल ना."

तर, परवाचा फोन. आई पुढे सांगत होती. एक आजी आहेत, मुलगा वाशीच्या मार्केटात माथाडी. मुलाची पॉलिसी 2010 ची, तिमाही हप्ता. मुलगा मोबाइलवरून सहज भरू शकेल, पण आजी स्वतः शेळ्यांच्या पैशातून भरतात, आणि दादा गेल्यावरही आमच्याच घरी आणून देतात. शेजारचा पोरगा ऑनलाइन भरतो, आई पावती छापून आणवते. या वेळी आजी नेहमीसारखे मोजून पंधराशे चौतीस रुपये घेऊन आल्या. आईने वरचे चौतीस परत दिले. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून हप्त्यावरचा जीएसटी गेलाय, आता पंधराशेच.

आजी घेईनात. "तुमच्या मालकांनी कधी कमी घेतलं नाही," म्हणाल्या. "नीट बघा वही." मग आईने वही काढली, चष्मा लावला, आणि दोघी अर्धा तास ओट्यावर बसून हिशोब करत होत्या.